आजोबा बर्मात नव्हते, इटलीत होते

आजोबांच्या ट्रंकेतल्या पदकांचे, नोटांचे आणि टोपीच्या बिल्ल्याचे तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून दोनदा पाहिले. घरातले सगळे ‘दुसऱ्या महायुद्धात आजोबा बर्माच्या (आताच्या म्यानमारच्या) लढाईत होते’ म्हणतात आणि ट्रंकेतल्या वस्तू त्याच्याशी जुळतात का, असं तुम्ही विचारलंय. जुळत नाहीत.

लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल फीत असलेला सहा टोकांचा तारा म्हणजे इटली स्टार, इटलीच्या मोहिमेचं पदक. फितीवर मात्र भिस्त ठेवू नका. जुनी फीत कसर खाते, मग कुणीतरी हाताला येईल ती लावतो. ताऱ्याच्या मधोमध राजाच्या नावाच्या आद्याक्षरांची मुद्रा आहे, तिच्याभोवतीच्या कड्यावर पदकाचं नाव कोरलेलं असतं. ते भिंगातून वाचा. बर्मा स्टारची फीत निळी-नारिंगी आणि मधे रुंद लाल पट्टा, त्यामुळे गोंधळ होण्यासारखा नाही.

दुसरा तारा 1939-45 स्टार. तो इटलीत लढलेल्याला मिळे तसा बर्मात लढलेल्यालाही, म्हणून त्यावरून काही ठरत नाही. दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असलेलं गोल पदक म्हणजे वॉर मेडल, तेही सरसकट दिलेलं.

खरी गंमत हिंदुस्थानचा नकाशा असलेल्या पदकात आहे. ते इंडिया सर्व्हिस मेडल. सप्टेंबर 1939 ते सप्टेंबर 1945 या काळात हिंदुस्थानात तीन वर्षं नोकरी झालेल्या फौजींना ते मिळे. म्हणजे आजोबा फार तर 1942 च्या सुरुवातीपर्यंत भरती झाले असणार, बरीच वर्षं इथेच काढली आणि उशिरा बोटीत बसले. 1946 ला घरी आले ही तुमची माहिती त्याच्याशी छान बसते.

आता त्या जवळजवळ चौकोनी नोटा. त्या इटालियन सरकारच्या नाहीत, दोस्त फौजांनी 1943 पासून इटलीत चालवलेल्या लिरा या चलनाच्या नोटा आहेत. पुढे ‘इश्यूड इन इटली’ छापलंय ना? बर्मातून परतलेल्यांकडे बहुतेक वेळा जपान्यांनी छापलेल्या रुपयांच्या नोटा निघतात, त्यांच्यावर ‘जॅपनीज गव्हर्नमेंट’ असतं. मी पदकापेक्षा असल्या बिनकिमतीच्या कागदावर जास्त विश्वास ठेवतो. पदकं भावाभावांत अदलाबदल होतात, बाजारातूनही येतात. एक लिराची नोट कोण कशाला विकत आणेल?

‘बर्मा’ आलं कुठून? बहुधा गावाकडे त्या सगळ्या महायुद्धालाच बर्मा म्हणत असावेत. मराठा पलटणी मात्र इटलीत खूप लढल्या. रायगडच्या यशवंत घाडगेंना 10 जुलै 1944 ला तिथेच वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. नामदेव जाधवांनी तो एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीकाठी मिळवला.

रणशिंगाचं चित्र असलेला टोपीचा बिल्ला मराठा लाइट इन्फंट्रीचा वाटतो, पण फोटो तिरका आहे. वर राजमुकुट असेल तर 1950 च्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा.

आता हात जोडून विनंती, काहीही घासू नका. आमच्या आजीने दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर आजोबांचे दोन्ही तारे चिंच लावून लख्ख केले. पुढून सोन्यासारखे दिसतात. मागे हिंदी फौजींच्या ताऱ्यांवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते, त्यातले आमच्याकडे शेवटचे चार आकडे आणि ‘मराठा’ एवढंच उरलंय. आजीला कोण बोलणार!

तुमचे तारे काळवंडलेत ते उत्तम. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत बाजूने, अगदी आडवा टाका, अक्षरं उठून दिसतात. क्रमांक मिळाला की डिस्चार्जचा कागद असल्यास त्याची प्रत जोडून बेळगावला रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात टपालाने अर्ज करा. उत्तराला महिने लागले तरी पुन्हा लिहा. नोटा लॅमिनेट करू नका, वहीत साध्या कागदात ठेवा. आणि मागच्या बाजूचा फोटो इथे सगळ्यांसमोर टाकू नका, मला निरोपातून पाठवा.