सीए-१२५ चा कागद हातात आल्यावर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

परळच्या ओपीडीत अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक रिपोर्ट पुढे करून ‘सीए-१२५ इतके आहे, म्हणजे आता किती दिवस?’ असे विचारतात आणि तुला उत्तर सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. ते उत्तर त्या कागदावर नसतेच, हे आधी तुला स्वतःला पटले पाहिजे.

सीए-१२५ हे रक्तात मोजले जाणारे एक प्रथिन. १९८१ साली अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या प्रतिपिंडामुळे ते मोजता येऊ लागले आणि पुढे मिलीलीटरला ३५ युनिट ही मर्यादा रूढ झाली. परंतु पहिल्या टप्प्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत ते वाढलेले नसते; उलट पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एन्डोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारात) किंवा पोटाच्या क्षयात ते वाढू शकते. उमेदवारीच्या काळात माझ्यापुढे एक तरुण मुलगी आली होती. पोटात पाणी झालेले, सीए-१२५ पाचशेच्या वर, आणि मी घरच्यांना कर्करोग असे जवळजवळ सांगूनच टाकले होते. बायोप्सीत क्षय निघाला. मुंबईत राहून मला क्षय आठवू नये, याची लाज अजून वाटते.

निदान पक्के झाल्यावर मात्र हा आकडा बोलू लागतो, तोही एकट्याने नव्हे. केमोच्या पहिल्या शंभर दिवसांत तो किती वेगाने उतरतो, यावरून आजार औषधाला कशी दाद देतो याचा अंदाज येतो; हा वेग मोजण्याची केलिम ही पद्धत तू शिकून घे. तरीही आजाराचा टप्पा, पेशींचा प्रकार आणि शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना दिसेल अशी गाठ मागे राहिली की नाही, यांवर मी अधिक विसंबतो. बीआरसीए जनुकांतला दोष तर दुहेरी असतो: तो आजाराचा धोका वाढवतो, पण त्याच दोषामुळे गाठीतल्या पेशींना तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही, म्हणून केमोतली प्लॅटिनमची औषधे आणि पार्प रोधके (डीएनए सांधण्याची आणखी एक वाट अडवणारी औषधे) तिथे अधिक लागू पडतात. ही तपासणी टाळू नकोस; रुग्णाच्या बहिणीचे आणि मुलीचेही हित तिच्यात आहे.

उपचार संपल्यानंतर आकडा किंचित चढला की घरचे केमोची घाई करतात. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत, केवळ आकडा वाढला म्हणून लवकर केमो घेतलेल्या स्त्रिया लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्यांपेक्षा अधिक जगल्या नाहीत, आणि त्यांचे जीवनमान मात्र आधी खालावले. ती चाचणी पार्प रोधकांच्या आधीची आहे, हे मान्य. पण घाई करणाऱ्यांना ती जरूर सांग.

‘किती दिवस?’ हा प्रश्न पुन्हा आला की सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घे आणि ते एकाच लॅबचे आहेत का ते पाहा, कारण वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले आकडे शेजारी ठेवून चढउतार ठरवता येत नाही. मग नातेवाइकांशी बोलण्याआधी, स्वतः रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, ते तिलाच विचार.

कळावे,
तुझे सर