नव्या टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा दिसतो, संवाद ऐकू येत नाहीत, गेम अडखळतो: टीव्ही परत करावा का?

तुम्ही विचारलंय की ५५ इंची फोरके टीव्ही दुकानात झकास दिसत होता, पण घरी सिनेमा लावला की शूटिंग चालू असताना बाजूला उभं राहून बघतोय असं वाटतं. संवादांसाठी आवाज वाढवला तर मारामारीच्या वेळी घर दणाणतं. आणि मुलगा म्हणतो गेममध्ये बटण उशिरा लागतं. टीव्ही परत करू नका. तिन्ही तक्रारी सेटिंगच्या आहेत आणि अर्ध्या तासात मिटतील. माझं ठाम मत आहे की कारखान्यातून येणारी सेटिंग्ज दुकानाच्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून लावलेली असतात, घरात बसून सिनेमा बघायला नाही. त्यातही सिनेमा, क्रिकेट आणि गेम या तिघांना एकच सेटिंग चालत नाही.

पहिली तक्रार सर्वांत महत्त्वाची. बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम (स्थिर चित्रं) या वेगाने चित्रित होतो. मालिका, बातम्या आणि सामने आपल्याकडे ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० वेळा चित्र बदलण्याच्या) हिशोबाने प्रक्षेपित होतात, म्हणून त्यांच्यातली हालचाल जास्त गुळगुळीत असते. आपल्या डोळ्यांना वर्षानुवर्षं ही सवय झालेली आहे: गुळगुळीत दिसलं की मालिका, किंचित थरथरतं दिसलं की सिनेमा. नवा टीव्ही दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घालतो आणि सिनेमाची मालिका करून टाकतो. अंदाज चुकला की माणसाच्या हाताभोवती पाण्यासारखी झिलई दिसते, खिडकीचे गज किंवा सायकलच्या तारा वितळतात, सबटायटलच्या कडा फाटतात. २०१८च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हे बंद करायची विनंती केली होती. माझ्या मते ती विनंती रास्त होती.

प्रत्येक कंपनीने या सोयीला, म्हणजे मोशन स्मूदिंगला, वेगळं नाव दिलंय, म्हणून लोकांना ती सापडत नाही. एलजीमध्ये ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी (जुन्या संचांत ऑटो मोशन प्लस), सोनीमध्ये मोशनफ्लो, शाओमी आणि इतर बऱ्याच अँड्रॉइड संचांत एमईएमसी. सेटिंग्ज, पिक्चर, मग अॅडव्हान्स्ड किंवा एक्स्पर्ट, या वाटेने गेलात की मोशन किंवा क्लॅरिटीच्या खाली ते असतं. सरळ ऑफ करा.

ऑफ केल्यावर पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके खातंय असं वाटेल. बहुतेकांना त्याची सवय होते. तुमचा संच ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा पडदा) असेल तर मात्र हे झटके खरोखरच जास्त दिसतात, कारण त्याचे पिक्सेल क्षणात बदलतात आणि प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत स्वच्छ, स्थिर उभी राहते. तिथे पूर्ण ऑफ करण्याऐवजी कस्टम निवडा आणि डी-जडर (सिनेमाचे झटके कमी करणारं सेटिंग) १० पैकी १ किंवा २ ठेवा. त्याहून वर नेलं की मालिका परत आली म्हणून समजा. एलजीवर सिनेमॅटिक मूव्हमेंट हा तयार पर्यायही बरा आहे.

झटके विचित्र लयीत येत असतील, म्हणजे चित्र थोडं सरकतं, अडतं, परत सरकतं, तर कारण दुसरं आहे. ६० हर्ट्झच्या सिग्नलमध्ये २४ फ्रेम समान वाटता येत नाहीत. एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. टीव्हीला स्टिक किंवा बॉक्स लावून ओटीटी बघत असाल तर ही खोड बरेचदा तिथली असते. फायर टीव्हीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॅच ओरिजिनल फ्रेम रेट आणि अॅपल टीव्हीत मॅच फ्रेम रेट चालू करा.

आता इथेच बहुतेकांची गाडी अडते: 'बंद केलं होतं, परत चालू झालं' ही तक्रार. टीव्ही चित्राची सेटिंग्ज एकदाच साठवत नाही. साधं चित्र, एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) आणि डॉल्बी व्हिजन (त्याचाच एक प्रकार) यांची सेटिंग्ज वेगवेगळी राहतात, आणि बऱ्याच संचांत प्रत्येक एचडीएमआय पोर्टचीही वेगळी. तुम्ही सेट-टॉप बॉक्सवर बसून बंद केलं, रात्री नेटफ्लिक्सवर डॉल्बी व्हिजनमधला सिनेमा लावला, की तिथे जुनंच सेटिंग हजर. म्हणून एक साधा, एक एचडीआर आणि एक डॉल्बी व्हिजनमधला कार्यक्रम लावा, आणि तो चालू असतानाच मेन्यूत जाऊन तिन्ही वेळा बदल करा. 'सर्व इनपुटना लागू करा' असा पर्याय दिसला तर तोही वापरा.

हालचालीनंतर रंग. पिक्चर मोड व्हिव्हिड किंवा स्टँडर्डवरून काढून फिल्ममेकर, सिनेमा किंवा मूव्ही करा. फिल्ममेकर मोड २०१९ साली यूएचडी अलायन्सने जाहीर केला. तो निवडला की मोशन स्मूदिंग आणि जास्तीची शार्पनेस आपोआप बंद होते आणि पांढरा रंग ६५०० केल्व्हिनच्या ठरलेल्या मापावर येतो. तुमच्या संचात तो नसेल तर कलर टेम्परेचर हाताने लावा: सॅमसंगवर वॉर्म २, नव्या एलजीवर वॉर्म ५०, सोनीवर एक्स्पर्ट १. सुरुवातीला सगळं पिवळट वाटेल, कारण दुकानातला निळा पांढरा डोळ्यांत बसलेला असतो. लगेच मागे फिरू नका, दोन सिनेमे पूर्ण बघा. शार्पनेस एलजी आणि सॅमसंगवर ० ते १० ठेवा. सोनीवर मात्र ५० हाच तटस्थ आकडा आहे, तिथे शून्य केलंत तर चित्र धूसर होईल.

चित्र अंधारं वाटलं तर आधी एनर्जी सेव्हिंग आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर बंद करून पाहा. रात्री दिवे मालवले की हा सेन्सर चित्र आणखी दाबतो आणि काळोखातले प्रसंग दिसेनासे होतात. त्यानंतर बॅकलाइट (पडद्यामागचा प्रकाश) वाढवा. ब्राइटनेस या नावाने फसू नका: जुन्या संचांत ते काळ्याची पातळी बदलतं आणि वाढवलं की काळा रंग राखाडी होतो, सोनी आणि नव्या सॅमसंगमध्ये ब्राइटनेस म्हणजे खरोखरच पडद्याचा प्रकाश.

काळोख्या प्रसंगांत चौकोन-चौकोन दिसत असतील तर तो दोष सेटिंगचा नाही, प्रवाहाचा आहे. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस वेग सांगतं, पण तुमचा प्लॅन बेसिक असेल तर वेग कितीही असो, चित्र ७२०पीच (फोरकेपेक्षा खूप कमी तपशिलाचं) येणार. ५५ इंचांवर ते कळतं.

क्रिकेटसाठी वेगळा मोड ठेवा, पण व्हिव्हिड किंवा टीव्हीचा स्पोर्ट्स मोड नको. हिरवळ प्लास्टिकसारखी दिसते. स्टँडर्ड मोड, वॉर्म १ आणि दिवसा बॅकलाइट भरपूर, एवढं पुरे. सामन्याचं प्रक्षेपण मुळातच गुळगुळीत असतं, त्यामुळे तिथेही मोशन स्मूदिंगची गरज नाही. उलट वेगात जाणारा चेंडू लहान असल्याने टीव्हीचा अंदाज चुकतो आणि चेंडू मध्येच पुसट होतो किंवा दोन दिसतात.

आता संवाद. बारीक संचांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि ५.१ ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतो. दोनच स्पीकरवर सहा वाहिन्या कोंबल्या की पार्श्वसंगीत आणि स्फोट त्याच वाटेने येतात आणि कुजबुज बुडते. ओटीटीच्या ऑडिओ यादीत तुमची भाषा दोनदा दिसते का पाहा, एकीपुढे ५.१ लिहिलेलं असेल तर दुसरी, साधी निवडा. टीव्हीच्या साउंड मेन्यूत व्हर्च्युअल सराउंड बंद करा. एलजीवर क्लिअर व्हॉइस, सॅमसंगवर अॅम्प्लिफाय, सोनीवर व्हॉइस झूम असेल ते चालू करा. रात्रीसाठी ऑटो व्हॉल्यूम किंवा नाइट मोड लावा, त्याने मोठे आवाज दाबले जातात. टीव्ही फळीवर ठेवला असेल तर अगदी पुढच्या कडेपर्यंत ओढा. आत ढकललेल्या संचाचा आवाज फळीवर आपटून घुमतो.

एवढं करून भागलं नाही तर साउंडबार घ्या, पण २.१ नको, ३.१ घ्या, त्यात मधला स्पीकर जास्तीचा असतो. तो मधला स्पीकर म्हणजेच संवाद. २.१ने फक्त धडधड वाढते. एचडीएमआय केबल टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या पोर्टलाच (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे तिथूनच जातो) लावा आणि सीईसी (एका रिमोटने दोन्ही उपकरणं चालवणारी सोय) चालू करा. सॅमसंगवर त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक. ब्लूटूथने जोडू नका, आवाज ओठांच्या मागे पडतो. सबवूफर दोन-तीन पायऱ्या खाली आणा.

मुलाची तक्रारही अगदी खरी आहे. चित्र सजवण्याच्या प्रक्रियेत वेळ जातो. गेम मोड (ही सजावट टाळणारं सेटिंग) बंद असताना बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंत टीव्हीमुळे १०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होऊ शकतो, चालू केल्यावर तो साधारण २०च्या खाली येतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे आधी पाच-सहा फ्रेमचं अंतर होतं. पीएस५सारखे नवे कन्सोल एएलएलएम ही सोय असलेल्या टीव्हीवर गेम मोड आपोआप लावतात. पीएस४ला तो हाताने लावावा लागतो. त्याच पोर्टचं एचडीएमआय सेटिंगही वाढवा: सॅमसंगवर इनपुट सिग्नल प्लस, सोनीवर एनहान्स्ड फॉरमॅट, एलजीवर अल्ट्रा एचडी डीप कलर. नाहीतर एचडीआरचा पर्यायच दिसत नाही. मग पीएस५च्या स्क्रीन अँड व्हिडिओमध्ये जाऊन अॅडजस्ट एचडीआर पूर्ण करा. स्वस्त पॅनेलवर एचडीआर गेम काळवंडलेला दिसला तर एचडीआर बंदच ठेवा; कमी प्रकाशाच्या पडद्यावर साधं चित्र जास्त छान दिसतं. खोक्यावर मोशन रेट १२० लिहिलेलं असलं तरी पॅनेल ६० हर्ट्झचं असू शकतं, तेव्हा १२० फ्रेमच्या आशेने नवी केबल घेण्याआधी रिफ्रेश रेटचा खरा आकडा पाहून घ्या.

राहिला सेट-टॉप बॉक्स. त्याचं आउटपुट १०८०आयवर ठेवा. जुने मराठी चित्रपट चॅनलवर बरेचदा ४:३ आकारात येतात, तेव्हा बॉक्समधलं स्ट्रेच काढून पिलरबॉक्स निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, पण चेहरे फुगणार नाहीत. आणि चॅनलचा लोगो किंवा स्कोअरची पट्टी कडेला कापली जात असेल तर एलजीवर जस्ट स्कॅन, सॅमसंगवर फिट टू स्क्रीन चालू करा.