मिठामुळे कॅडमियमचा त्रास कमी झाला, पण तो पाण्यात की रोपात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेसुवियम पोर्टुलाकॅस्ट्रमला (खाडीकाठी पसरणारी, घोळीसारख्या मांसल पानांची वेल) ५० मायक्रोमोलर कॅडमियम दिल्यावर कोवळी पानं पिवळी पडली. त्याच द्रावणात २०० मिलिमोलर मीठ घातल्यावर रोपं टवटवीत राहिली. मग ‘मीठ रोपाला कॅडमियमपासून वाचवतं’ असं प्रबंधात लिहावं का?

इतक्यावरून लिहू नका. मिठातला क्लोराइड कॅडमियमला पाण्यातच धरतो. २०० मिलिमोलर मिठात बहुतेक कॅडमियम क्लोराइडशी जोडलेला असतो आणि मोकळा आयन थोडाच उरतो. मूळ मुख्यतः मोकळा आयन आत घेतं, तोही कॅल्शियम, लोह आणि जस्ताच्या वाटांनी. कोवळी पानं आधी पिवळी पडण्यामागे बहुधा हेच आहे, लोहाची वाट अडते. म्हणजे रोपं टवटवीत राहिली ती कॅडमियम आत कमी गेला म्हणून, की आत जाऊनही रोपाने तो सांभाळला म्हणून, हे तुमच्या चार ट्रीटमेंटवरून (काहीच न घातलेलं, फक्त मीठ, फक्त कॅडमियम, दोन्ही) कळत नाही.

आणखी दोन ट्रीटमेंट घ्या: २०० मिलिमोलर सोडियम नायट्रेट, कॅडमियमसह आणि कॅडमियमविना. सोडियम तेवढाच, पाणी शोषताना रोपावर येणारा ताण जवळपास तेवढाच, फक्त क्लोराइड नाही. वजनं अशी: लिटरला मीठ ११.७ ग्रॅम, सोडियम नायट्रेट १७ ग्रॅम. कॅडमियम नायट्रेट टेट्राहायड्रेट १.५४ ग्रॅम घेऊन १०० मिलि स्टॉक (पुढे पातळ करून वापरायचं घट्ट द्रावण) करा, तो ५० मिलिमोलर होतो. त्यातला १ मिलि दर लिटरला. नायट्रेटच्या ट्रीटमेंटमध्ये नत्र फार वाढतं, म्हणून तिची तुलना तिच्या स्वतःच्या कॅडमियमविना कंट्रोलशीच करायची. मीठ एकदम घालू नका, रोज ५० मिलिमोलरने चढवा आणि २०० वर आल्यावरच कॅडमियम सुरू करा. नाहीतर मिठाचा धक्का आणि धातूचा ताण यांची सरमिसळ होते. द्रावण दर ३-४ दिवसांनी बदला आणि पीएच ५.८ च्या आसपास ठेवा. (पुढे कोणाला शिसं द्यायचं असेल तर पोषकद्रावणातला फॉस्फेट त्याचा साका करून टाकतो. तळाशी पांढरा गाळ दिसला तर रोपाला शिसं मिळालेलंच नाही, सहनशीलतेचा प्रश्न पुढचा.)

काढणीच्या वेळी बहुतेक आकडे मुळांपाशी बिघडतात. मुळांच्या पृष्ठभागावर कॅडमियम चिकटून असतो, साध्या पाण्याने तो निघत नाही. मुळं बर्फगार २० मिलिमोलर डायसोडियम ईडीटीएमध्ये (धातूला धरून सोडवून घेणारं रसायन) १५ मिनिटं बुडवा, मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. ही पायरी गाळली तर मुळातला आकडा फुगतो आणि ‘रोप धातू मुळातच अडवतं’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ७० अंशांवर ४८ तास, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा.

मिठातल्या रोपाच्या कोरड्या वजनात मीठही असतं, हे बऱ्याचदा लक्षात येत नाही. वाढ झाली असं वाटतं आणि वाढलेलं असतं मीठ. थोडा नमुना मफल भट्टीत ५५० अंशांवर जाळून राखेचं वजन वजा करा. एएएसवरही (प्रकाशाच्या शोषणावरून धातू मोजणारं यंत्र) मीठ त्रास देतं: २२८.८ नॅनोमीटरला त्याच्या पार्श्वभूमीमुळे कॅडमियम जास्त दिसतो. बॅकग्राउंड करेक्शन चालू ठेवा आणि स्टँडर्डमध्ये नमुन्याइतकंच मीठ घाला.

निकाल दोन्ही तऱ्हांनी मांडा, ग्रॅममागे किती आणि प्रत्येक रोपात एकूण किती. समजा मिठाविना मुळांवरच्या भागात (खोड-पानांत) ग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅम आणि कोरडं वजन १ ग्रॅम, मिठासह ७० आणि २ ग्रॅम. सांद्रता घटली, पण एकूण धातू १०० वरून १४० वर गेला. अशी रोपं लावून जमिनीतला धातू काढायचा असेल तर दुसरा आकडाच कामाचा.

नायट्रेटमध्येही रोपं सावरली, आणि आतला कॅडमियम फारसा घटलेला नसेल, तर श्रेय रोपाच्या आतल्या तयारीला देता येईल. मिठाशी झुंजायला त्याच्याकडे प्रोलिन, ग्लुटाथायोन आणि ऑक्सिडीकरण रोखणारी विकरं आधीच असतात. ग्लुटाथायोनपासून फायटोकेलेटिन तयार होतात, ते कॅडमियमला गंधकाच्या गटांनी बांधतात आणि तो रसधानीत ढकलला जातो. इथे एमडीएचं (ताणामुळे पेशीपटलाला झालेल्या इजेची खूण) रीडिंग घेताना जपा: सेसुवियमच्या तांबड्या खोडातला बीटासायनिन (लाल रंगद्रव्य) एमडीए मोजतात त्या ५३२ नॅनोमीटरच्या आसपासच शोषतो, त्यामुळे टीबीएविना (एमडीएशी रंग देणारं रसायन) वेगळा ब्लँक प्रत्येक नमुन्याला लागतो.

सेसुवियमला मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी नाहीत, सगळं आतच साठतं. तिवराचं तसं नाही. त्याच्या पानावर दिसणाऱ्या मिठाच्या पांढऱ्या कणांबरोबर जस्तही बाहेर पडतं. म्हणून तिवरावर काम करणाऱ्यांनी पान धुतलेलं पाणी फेकू नये, तेही मोजावं.

वापरलेलं द्रावण आणि ईडीटीएचं पाणी मोरीत ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये ‘कॅडमियम’ अशी चिठ्ठी लावून घातक कचऱ्यात द्या. उरलेली रोपंही त्याच कचऱ्यात जायला हवीत, कंपोस्टमध्ये नाही.