बोलेरोसारख्या गाडीचं मागचं डिफरन्शियल ऑइल (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीतलं ऑइल) घरी बदलता येतं का?

येतं. फक्त एक पथ्य पाळा: आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा प्लग सैल करा. खालचा उघडून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागीच अडकते.

प्लगना हात लावण्याआधी गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. कोमट ऑइल झरझर उतरतं. गाडी सपाट जागेवर हवी, उचललीत तर चारही बाजूंनी समतल स्टँडवर; नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. खालच्या (ड्रेन) प्लगच्या चुंबकावर काजळासारखा राखाडी लगदा असतोच, तो पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर मात्र क्राऊन-पिनियन (आतले मुख्य गिअर) किंवा बेअरिंग तपासायला हवं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

नवा वॉशर घालून खालचा प्लग आवळा. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, ग्रेड (म्हणजे दाटपणा) मॅन्युअलप्रमाणे (बहुधा ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४०), हातपंपाने भरा. वरच्या भोकाच्या काठावरून धार लागली की थांबा. जास्त कोंबलं तर सील गळतं आणि ऑइल थेट ब्रेक लायनरवर जातं. एक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) चिखलाने बुजला असला तरी तेच होतं, म्हणून तोही साफ करा.