वाचकांचे प्रश्न : मनीची शेवटची जागा

प्रश्न : आमची मनी पंधरा वर्षांची आहे. तिची मूत्रपिंडे निकामी होत आली असून महिना-दीड महिन्यापलीकडे आशा धरू नका, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आम्ही ठाण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. तिला सोसायटीच्या बागेत पुरावे, असे मुलीचे म्हणणे आहे, कारण ती बाग तिच्या खिडकीतून दिसते. यजमानांचा कल चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घराकडे आहे. सासूबाई म्हणतात, मांजरच ते, खाडीत सोडा आणि मोकळे व्हा. ती समोर उन्हात पडलेली असताना हा विचार करणे मला अभद्र वाटते. पण टाळला तर ऐन वेळी धांदल उडेल, हेही कळते. कोणती जागा योग्य ठरेल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अभद्र वाटून घेऊ नका. पशुवैद्य म्हणून काम करताना मी जी पश्चात्तापाची बोलणी ऐकली, त्यांतली बहुतेक घाईची होती. रात्री अकरा वाजता मांजर गेले, घरात कोणाला काही सुचले नाही आणि सकाळी दूधवाल्याच्या सल्ल्याने काहीतरी उरकले गेले, हे त्या माणसांना वर्षानुवर्षे टोचत राहते. तुमच्या हाती काही आठवडे आहेत. जागेच्या सौंदर्यापेक्षा एकच प्रश्न आधी विचारा : त्या जमिनीवर आपला शब्द किती वर्षे चालणार आहे?

या कसोटीवर सोसायटीची बाग टिकत नाही. ती जमीन सर्व सभासदांची असल्याने व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी लागेल, आणि आजची समिती हो म्हणाली तरी पुढची समिती तिथे मुलांची घसरगुंडी बसवणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्याहून मोठी अडचण मातीची आहे. उंच इमारतींच्या बागा पुष्कळदा खालच्या पार्किंगच्या स्लॅबवर केलेल्या असतात. हिरवळीखाली दीड-दोन फूट माती, मग जलरोधक थर आणि त्याखाली गाड्या. मांजर पुरायला निदान तीन फूट खोली हवी. त्याहून उथळ पुरले, तर भटकी कुत्री दोन रात्रींत उकरतात, आणि ते दृश्य मुलीला त्याच खिडकीतून पाहावे लागेल.

खाडीचा पर्याय मनातून काढून टाका. भरतीबरोबर ते शरीर कुठल्या तरी काठाला लागते आणि पाणीही दूषित होते. सासूबाईंना मात्र निष्ठुर समजू नका. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, असे ज्या घरांत मुलांना बजावले जाई, त्याच घरांत आपल्या मरणाने मेलेले मांजर उकिरड्यापलीकडे नेऊन टाकले जाई, आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नसे. जनावराला समाधी हे परदेशी खूळ आहे, असे त्या म्हणाल्याच, तर त्यांना साताऱ्याजवळच्या संगम माहुलीचे सांगा. तिथे छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीजवळ त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाल्याची हकीकत प्रसिद्ध आहे.

आता गावचे घर. जमीन घरची आहे, म्हणून पहिल्या कसोटीवर ती जागा उतरते. सातबारावर भाऊबंदांची नावे असतील, तर मात्र त्यांच्या कानावर आधी घाला. घराच्या आसपास कातळ असेल, तर कुदळ फूट-दीड फुटावरच जांभ्याला लागते, म्हणून यजमानांनी पुढच्या खेपेला पहारीने दोन-तीन ठिकाणी जमीन चाचपून ठेवावी. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपते; त्यामुळे विहिरीपासून शक्य तेवढे लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला जावे. पावसाळ्यात पाणी उभे राहते ती जागा नको, आणि शेणखतासाठी दर वर्षी खणली जाते तीही नको. शरीर सुती कापडात गुंडाळावे, प्लॅस्टिकमध्ये कदापि नाही. मीठ किंवा कळीचा चुना घालण्याची पद्धत सरसकट आहे, पण या दोहोंनी शरीर लवकर मातीला मिळते हा गैरसमज आहे. उलट विघटन लांबते आणि मिठाने भोवतीच्या झाडांची मुळे जळतात. माती चांगली धुमसून वर दोन-चार जड चिरे ठेवले की कोल्हे आणि रानडुकरे नाद सोडतात.

एक गोष्ट डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. मूत्रपिंडाच्या आजारात अखेरचे दिवस फार हालाचे होऊ शकतात आणि त्या वेळी दयामरणाचे इंजेक्शन देण्याचा निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी बार्बिट्युरेट वर्गातील औषध वापरले, तर ते मृत शरीरात दीर्घ काळ टिकते, आणि ते शरीर उकरून खाणारे कुत्रे किंवा गिधाड विषबाधेने मरू शकते. कोकणात गिधाडे आधीच थोडी उरली आहेत. इंजेक्शन दिले गेले, तर तीन फुटांवर समाधान न मानता चार फूट खणा, किंवा सरळ दहनाचा मार्ग धरा.

दहनाकडे माझा स्वतःचा कल अधिक आहे, आणि तुमच्या बाबतीत तर निश्चितच. ठाण्याहून चिपळूण पाच-सहा तासांचा रस्ता आहे. मे महिन्याच्या उकाड्यात किंवा जुलैच्या घाटात, डोळे भरलेले असताना, मागच्या आसनावर बर्फात ठेवलेली मनी घेऊन तो प्रवास करणे सोपे नाही. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी नैसर्गिक वायूवर चालणारी दहनव्यवस्था सुरू केली आहे. खासगी सेवाही आता उपलब्ध आहेत. फोन करून वेळ, कागदपत्रे आणि ठाण्याच्या रहिवाशांसाठीचा नियम आजच विचारून ठेवा, आणि पशुवैद्यांचे मृत्यूचे प्रमाणपत्र सोबत न्या. राख हवी असेल, तर दहन स्वतंत्र होणार की इतर प्राण्यांसोबत, हे आधी स्पष्ट करून घ्या. सामूहिक दहनात राख वेगळी मिळत नाही, आणि हे नंतर कळले की फार लागते.

मांजराची राख जेमतेम वाटीभर होते. ती सवडीने गावी नेता येईल आणि परसात पुरता येईल, म्हणजे यजमानांचीही इच्छा राहील. मुलीने त्यातली चिमूटभर आपल्या खिडकीतल्या कुंडीत घातली, तर हरकत नाही. सगळी मात्र तुळशीत ओतू नये. राखेत क्षार फार असतात आणि रोप जळते. तसे झाले तर दुःख दोनदा होईल.

ऐन वेळेपुरते एवढेच : मृत्यूनंतर तीन-चार तासांत शरीर ताठरू लागते, म्हणून त्याआधी तिला ती नेहमी झोपते तशी मुटकुळे करून ठेवा. डोळे मिटत नाहीत. त्याला घाबरू नका. रात्र काढायची असेल, तर पंखा चालू ठेवून बर्फाच्या पिशव्या कापडावरून लावा. दवाखान्यात शीतपेटी असल्यास एखादा दिवस ठेवून घेतात.

प्रश्न : पुण्यातील आमचा जुना बंगला पुनर्विकासाला दिला आहे. सहा वर्षांपूर्वी आमचा बोका, सोन्या, तिथल्या पारिजातकाखाली पुरला होता. दिवाळीनंतर जेसीबी येईल. त्याला तिथेच सोडून जायचे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सोडवत नसेल, तर सोडू नका, मात्र ताबा देण्याआधी आणि स्वतःच्या हाताने खणा. सहा वर्षांत मऊ भाग मातीत मिळून गेलेले असतात आणि हाडे व दात उरतात. मांजराच्या सांगाड्यात सुमारे अडीचशे हाडे असतात, त्यांतली कित्येक तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसतात, आणि काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळत असल्याने ती जागची हललेलीही असतात. कवटी, जबडा, पायांची लांब हाडे मिळाली की पुरे समजा. हातमोजे घाला, खुरप्याने थर काढा, माती वाळू चाळायच्या चाळणीतून काढा. जे मिळेल ते मडक्यात ठेवून नव्या जागी पुरता येईल.

मुळीच न खणता तिथली टोपलीभर माती नेणारेही आहेत, आणि मला त्यात काही उणे वाटत नाही. कायमची जागा असे आपण म्हणतो खरे, पण इजिप्तमध्ये बेनी हसनजवळ मोठ्या भक्तिभावाने पुरलेल्या मांजरांच्या ममींचे सुमारे १९ टन वजन १८९० मध्ये जहाजाने लिव्हरपूलला गेले आणि तिथे खत म्हणून विकले गेले. पॅरिसजवळच्या आनिएरची प्राण्यांची दफनभूमी १८९९ पासूनची. तिच्यावरही १९८०च्या दशकात बंद होण्याची वेळ आली होती, ती वारसा म्हणून वाचली. तुमच्या बंगल्याच्या बाबतीत तसे कोणी येणार नाही.

पारिजातक मात्र वाचवता येईल. मोठे झाड हलवले तर जगण्याची खात्री नसते. त्यापेक्षा त्याची चपटी, रुपयाएवढी फळे तपकिरी झाली की उतरवून घ्या. प्रत्येकात दोन बिया असतात. उगवण थोडी लहरी असते, म्हणून दहा-बारा तरी लावा, आणि पहिली कुंडी त्याच खड्ड्यातल्या मातीने भरा.