‘सक्तीनं ट्रेनिंगला बसवलं, म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?’

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या कोल्हापूर परिसरातल्या औद्योगिक वसाहतींतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार सारखी येते. “इतकी वर्षं इमानानं काम केलं आणि आता सक्तीनं ट्रेनिंगला बसवलंय. म्हणजे आमच्यावर विश्वास उरला नाही.” कुणाचं प्रशिक्षण सुरक्षिततेचं असतं, कुणाचं लैंगिक छळ प्रतिबंधाचं, तर कुणाचं नव्या सॉफ्टवेअरचं. विषय कोणताही असला तरी दुखणं तेच. अशाच एका गृहस्थांचा अनुभव इथे देते आहे, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

ते एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मेल्टिंग सुपरवायझर. शॉपवर सगळे त्यांना मामा म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यांना बायको घेऊन आली होती. घरी बोलणं बंद, झोप उडालेली, मुलावर विनाकारण खेकसणं.

“म्याडम, रसाचा रंग बघून सांगतो मी, लोखंड ओतायला आलंय का न्हाई. आन् मला पडद्यावर हेल्मेटचं चित्र दाखवत्यात.”

पहिल्या काही भेटींत हेच पुन्हापुन्हा आलं. मी मध्ये पडले नाही. राग पुरता बाहेर आल्याशिवाय त्याच्या खालचं दिसत नाही. मग एकदा विचारलं, “कामात काय बदललं?”

“काय न्हाई. सांगितलं तेवढं करतो.”

“आधी त्याहून जास्त काय करत होता?”

यावर ते बराच वेळ बोलले. पावसाळ्यात भंगार उघड्यावर भिजतं. सुमारे १,४०० अंशांच्या रसात पाण्याचा अंश गेला की क्षणात त्याची वाफ होते. वाफेचं आकारमान पाण्याच्या १,६०० पटींहून जास्त, त्यामुळे रस उसळून चार्जिंग करणाऱ्याच्या, म्हणजे भट्टीत भंगार टाकणाऱ्याच्या, अंगावर येतो. दोन्ही तोंडं बंद असलेली नळी किंवा जुना शॉकॲब्सॉर्बर तर वरून कोरडा दिसतो आणि आत पाणी नाहीतर तेल धरून बसलेला असतो. मामा प्रत्येक बकेट स्वतः चाळायचे, अशा नळ्या वेगळ्या काढायचे, ओलं भंगार सुकवल्याशिवाय रसात टाकू द्यायचे नाहीत. ट्रेनिंगनंतर त्यांनी हे सोडून दिलं होतं.

“कागदावर कुठं लिवलंय ते? नव्या पोरानं इचारलं तर सांगतो, तुझीबी सही हाय न्हवं, फाईलीत बघ.”

मनोधैर्य खचतं ते असं. आरडाओरडा होत नाही, हजेरीपत्रक भरलेलंच राहतं. माणूस न सांगता जे करत होता तेवढंच थांबतं, आणि कारखान्याची खरी सुरक्षितता बहुतेक वेळा त्यातच असते.

पुढच्या भेटीत एकच प्रश्न ठेवला. “ट्रेनिंगच्या त्या दोन तासांत तुम्हाला काय विचारलं?”

मामा गप्प झाले. मग म्हणाले, “इचारलं काय न्हाई. सही घेतली.”

“कशावर?”

“‘मला सर्व समजले’ आसं छापलेलं. उद्या कोण भाजलं तर तो कागद काढत्यात आन् म्हणत्यात, मामाला समजलं हुतं. ओल्या भंगाराचं तर नावबी न्हाई काढलं. शेड मागून दोन पावसाळं झालं.”

हेल्मेटच्या चित्रामागचं दुखणं हे होतं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपण लावलेला अर्थ असतो, तो तपासायचा, हे तिचं मूळ. पण तपासताना खरं तेही खोडून टाकायचं नसतं. मामांच्या मनात दोन वाक्यं एकमेकांत गुंतली होती. ‘मला अडाणी समजतात’ हा त्यांनी लावलेला अर्थ, त्याला पुरावा नव्हता. ‘मला कुणी विचारलं नाही’ ही मात्र घटना होती. पहिलं वाक्य मनात सोडवायचं, दुसरं कारखान्यात. दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या कागदांवर लिहून घेतली, तेव्हा मामांचा आवाज प्रथमच खाली आला.

हीच चिंता असलेल्यांनी आधी एक पाहावं: ट्रेनिंग सगळ्यांना आहे की फक्त तुम्हाला? सगळ्यांना असेल तर तो आरोप नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानं अशी जागृती ठरावीक काळानं करणं मालकावरच बंधनकारक आहे, त्यामुळे “आम्हाला गुन्हेगार समजतात” असं वाटून घेऊ नये. एकट्यालाच बोलावलं असेल तर कारण सरळ विचारावं. नकार देऊन घरी बसू नये. सही करण्यापूर्वी फॉर्म वाचावा. जे शिकवलं गेलं नाही ते सहीशेजारी तारखेसह लिहावं आणि फोटो काढून ठेवावा. ‘ओल्या भंगाराचा विषय झाला नाही’ एवढं वाक्य पुरतं.

एचआरवाल्यांनाही सांगणं आहे. सक्ती झाली की माणूस हिरावलेलं स्वातंत्र्य परत मिळवायला उलटा वागतो, हे मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्येच मांडलं. सक्ती टाळता येत नसेल तर बाकीचं तरी त्यांच्या हाती द्या. आठवडाभर आधी शॉपवरच्या तिघा-चौघांना विचारा, अपघात कुठे होता होता राहिला? उदाहरणं तिथूनच घ्या. तिसरी पाळी संपवून आलेल्यांना बसवू नका, वेळ कामाच्या तासांत धरा. तुकडी पंधरा जणांची, भाषा मराठी, मॅनेजर पहिल्या रांगेत. चाचणीचे गुण बोर्डावर लावू नका. आणि आलेल्या सूचनांपैकी एक तरी महिन्याच्या आत अमलात आणून दाखवा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते, आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

मामांनी दुसरा कागद प्लांट हेडकडे नेला. काय बोलायचं, ते आम्ही आधी घोटून घेतलं होतं. तक्रारीऐवजी मागणी: भंगारावर शेड आणि चार्जिंग प्लॅटफॉर्मवर नव्या पोरांसाठी वीस मिनिटं, मामांच्या हाताखाली. वीस मिनिटं लगेच मंजूर झाली, बकेट चाळणं पुन्हा सुरू झालं. शेडऐवजी सध्या ताडपत्री मिळाली आहे. फॉर्मवर ‘मला सर्व समजले’ अजून छापलेलंच आहे, त्याखाली ‘काय राहिलं’ अशी एक रिकामी ओळ मागणारा अर्ज मामांनी दिला आहे.