रविवारची मिसळ राहू द्या, रात्रीची ऑर्डर आवरा

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ भाड्याच्या घरात राहतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे, यजमान अंबडमध्ये पाळीने काम करतात आणि मुलगी सहा वर्षांची आहे. दोघांचे मिळून हातात ५२,००० रुपये येतात, तरी शेवटच्या आठवड्यात काही शिल्लक राहत नाही. गेल्या महिन्यात बाहेरच्या खाण्याची नोंद ठेवली, ती सोबत जोडली आहे. खर्च ८,२०० रुपये झाला. किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून १०,५०० रुपये वेगळे लागतात. दर रविवारी आम्ही तिघे मिसळ खायला जातो, ही चैन बंद करा असे सासूबाई म्हणतात. बाहेरचे खाणे पूर्ण बंद करावे, दोन्ही वेळच्या पोळीभाजीसाठी ४,५०० रुपयांत मावशी लावाव्यात आणि एका प्रतिनिधीने सुचवलेली ३,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) सुरू करावी, असा विचार आहे. क्रेडिट कार्डाचे १८,००० रुपये थकले आहेत. दरमहा किमान रक्कम भरतो, स्टेटमेंटही जोडले आहे. हा निर्णय योग्य ठरेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या योजनेची बेरीज आधी करून पाहू. मावशींचे ४,५०० आणि एसआयपीचे ३,००० मिळून ७,५०० रुपये होतात. बाहेरचे खाणे उद्यापासून पूर्ण थांबवले, तरी ८,२०० मधून हाती ७०० रुपये राहतात आणि जे जेवण आजवर बाहेरून येत होते त्याचे तांदूळ, डाळ, तेल आणि गॅस त्या ७०० रुपयांत भागवावे लागेल. ते भागणार नाही. म्हणजे सगळी मौज सोडूनही तुम्ही तुटीतच राहाल, आणि अशी योजना दोन महिन्यांच्या पुढे कोणाच्याही घरात टिकत नाही. म्हणून सगळे बंद करण्याचा विचार बाजूला ठेवून नेमके काय बंद करावे, ते पाहू.

तुम्ही ठेवलेली नोंद या कामी फार उपयोगी पडली. तिच्यातून खर्चाचे चार भाग पडतात. रविवारची मिसळ चार वेळा, दर वेळी साधारण ४२० रुपये, म्हणजे १,६८०. यजमानांचा रात्रपाळी सुटल्यावरचा नाश्ता दहा वेळा, ११० रुपयांप्रमाणे १,१००. मोबाइलवरून मागवलेले रात्रीचे जेवण नऊ वेळा, सरासरी ४८० रुपये, म्हणजे ४,३२०. आणि संध्याकाळचा चहा, वडापाव, कचोरी असे सुटे सुटे मिळून १,१००. सासूबाईंचे लक्ष मिसळीकडे गेले याचे नवल नाही, कारण रविवारी सकाळी तिघे आवरून बाहेर पडतात ते सगळ्यांना दिसते; रात्री नऊला दारावर येणारी पिशवी कोणाच्या नजरेत येत नाही. पण निम्म्याहून अधिक खर्च त्या पिशवीचा आहे.

मिसळीबद्दल माझे मत स्पष्टच सांगतो. घरी मिसळ केली तर किती वाचतील, याचा हिशेब मी मांडून पाहिला. पाव किलो मटकी, कांदा-टोमॅटो, खोबरे, काळा मसाला, तर्री येण्याइतके तेल, पाव किलो फरसाण, पाव, दही आणि पापड धरून तिघांना दीडशे ते पावणेदोनशे रुपये लागतात. बाहेरचे ४२० वजा जाता एका रविवारी अडीचशे रुपये वाचतात, महिन्याला हजार. त्या हजार रुपयांसाठी शनिवारपासून मटकी मोड आणायची, सकाळी वाटण-फोडणी करायची, नंतर तेलकट भांड्यांचा ढीग आवरायचा. आणि हे सगळे आठवड्यातल्या तुमच्या एकमेव सुट्टीच्या सकाळी, बहुधा तुमच्याच वाट्याला येणार. मखमलाबाद किंवा गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षबागेत जाऊन चुलीवरची मिसळ खाणे हा नाशिककरांचा रविवार आहे, आणि पाळीत काम करणाऱ्या माणसाच्या घरात तिघे एका वेळी एका टेबलाला बसतात तो बहुधा हाच काय तो प्रसंग. तुमच्या उत्पन्नाच्या जेमतेम सव्वातीन टक्के रकमेत हे बसते. मी ते थांबवायला सांगणार नाही. एवढेच करा, की महिन्याच्या पहिल्या तारखेला १,७०० रुपये रोख वेगळ्या पाकिटात ठेवा आणि मिसळीचे पैसे त्यातूनच द्या. जिलेबीची जास्तीची प्लेट किंवा पाहुण्यांचे बिल झाले आणि तिसऱ्या रविवारी पाकीट रिकामे झाले, तर चौथ्या रविवारी घरी पोहे.

रात्रपाळीनंतरच्या नाश्त्यालाही हात लावू नये, असे मला वाटते. यजमान सकाळी सातला सुटतात तेव्हा तुम्ही मुलीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून सातपूरला निघण्याच्या घाईत असता. ते घरी पोचतात तेव्हा घर रिकामे असते, आणि रात्रभर उभ्याने काम केलेल्या माणसाने त्यानंतर ओट्यापाशी उभे राहावे ही अपेक्षा कागदावर सोपी असली तरी व्यवहारात उतरत नाही. संध्याकाळच्या चहा-वड्याचे मात्र तसे नाही. ती भूक दोघांनीही डब्यात मूठभर शेंगदाणे-गूळ, चिवडा किंवा एखादे केळे नेले तर निम्म्यावर येते. तिथे ६०० रुपये वाचतील, असे धरू.

आता खरा विषय, म्हणजे रात्रीचे जेवण. ४८० रुपयांच्या एका ऑर्डरमध्ये जेवणाची किंमत किती, हे एकदा बिल उघडून वाचा. ॲपवरचे दर पुष्कळदा हॉटेलातल्या दरांपेक्षा जास्त असतात. त्यावर पाच टक्के जीएसटी, पॅकिंगचे पैसे, पोचवण्याचे शुल्क आणि ॲप वापरल्याबद्दलचे प्लॅटफॉर्म शुल्क येते. हे शेवटचे शुल्क २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू झाले आणि नंतर वाढतच गेले. त्याच हॉटेलात तिघे जाऊन बसलात तर ताट स्वस्त पडेल आणि गरमही मिळेल. शिवाय नोंदीतल्या तारखा पाहिल्या तर नऊपैकी सात ऑर्डरी यजमानांच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत आहेत. त्या दिवसांत तुम्ही सातला घरी येता, मुलीचा अभ्यास असतो, घरात दुसरे मोठे माणूस नसते. ऑर्डर जिभेच्या चोचल्यांसाठी जात नाही, थकव्यामुळे जाते. त्यामुळे उपायही असा हवा की जो ऑर्डर येण्यापूर्वी ताटात पडेल.

मुगाच्या डाळीची खिचडी कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत होते आणि तिघांना कांदा, शेंगदाणे, तेल, गॅस धरून पन्नास रुपयांच्या आसपास पडते. पिठले-भात त्याहून लवकर होतो. वरण-भात, लिंबू आणि तळलेला पापड यावर मुलगी तक्रार करणार नाही. शनिवारी रात्री मटकी भिजत घालून रविवारी फडक्यात बांधली, तर सोमवारपर्यंत मोड येतात. ती फ्रिजमध्ये ठेवून त्यातूनच सोमवारी उसळ आणि बुधवारी मटकीभात होतो. पोळीची आठवण झाली तर पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणाव्यात, भाजी आणू नये. दहा-बारा रुपयांच्या सहा पोळ्या साधारण सत्तर रुपयांना येतात, आणि कंटाळा बहुतेक वेळा पोळ्यांचाच असतो, भाजीचा नसतो. या साऱ्याची सरासरी एका रात्रीला ऐंशी रुपये धरली, तर नऊपैकी सात ऑर्डरी टाळून महिन्याला २,८०० रुपये निव्वळ वाचतात. दोन ऑर्डरी मी मुद्दाम ठेवल्या आहेत. आजारपण असते, पाहुणे येतात, एखाद्या दिवशी खरेच अंगात त्राण नसते. त्यासाठी जागा न ठेवलेले अंदाजपत्रक पहिल्याच तापात कोलमडते.

किराण्याबद्दल थोडेच सांगतो, कारण महिन्याचे १०,५०० रुपये दूध, भाजी आणि गॅससह तिघांसाठी वाजवी आहेत. लासलगाव जवळ असल्याचा फायदा मात्र घ्यावा. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चार-सहा महिने टिकतो, त्यामुळे घराला हवेशीर गॅलरी असेल तर तेव्हाच वीस-पंचवीस किलो घेऊन पसरून ठेवावा. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा साठवणुकीचा नाही. तो लागेल तसाच घ्यावा. वर्षाची डाळ भरण्याच्या फंदात सध्या पडू नका, एकदम एवढी रोकड गुंतवण्याची ही वेळ नाही.

मावशींना ४,५०० देऊन दोन्ही वेळचा स्वयंपाक लावणे आत्ता परवडत नाही. पोळी-भाजी केंद्राचा खर्च गरज असेल त्या दिवशी होतो आणि नसेल त्या दिवशी शून्य असतो. मावशींचा पगार बांधलेला असतो आणि तुम्ही चार दिवस सिन्नरला सासरी गेलात तरी तो देणे योग्यच असते. कार्डाची बाकी फिटल्यावर त्याच मावशींना केवळ संध्याकाळच्या पोळ्यांचे किती घ्याल, असे विचारावे. उत्तर दोन हजारांच्या आत आले तर जरूर लावावे. तो खर्च मी चैनीत धरणार नाही.

कार्डाबद्दल तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महाग गोष्ट तीच आहे. तुमच्या स्टेटमेंटवर दरमहा साडेतीन टक्के व्याज दिसते. १८,००० रुपयांवर ते ६३० रुपये होते आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी धरून ७४३ रुपये. तुम्ही किमान रक्कम म्हणून सुमारे १,१०० रुपये भरता. त्यातले ३५७ रुपयेच मुद्दलात जातात आणि त्याच महिन्यात एखादी ४८० रुपयांची ऑर्डर कार्डावर पडते. बाकी वर्षभर १८,००० च्या आसपास का घुटमळते, याचे उत्तर एवढेच आहे. आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : मागची बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर मागवलेल्या पनीरवर खाल्ल्या दिवसापासून व्याज चढू लागते.

रात्रीच्या ऑर्डरींचे २,८००, चहा-वड्याचे ६०० आणि आज भरता ते १,१०० असे मिळून ४,५०० रुपये दरमहा कार्डाला द्या आणि ॲपवर साठवलेला कार्डाचा क्रमांक आजच काढून टाका. कार्डावर नवी खरेदी झाली नाही तर चार महिन्यांत बाकी दोन हजारांच्या जवळ येते आणि पाचव्या महिन्यात फिटते. व्याज आणि कर मिळून सुमारे २,१०० रुपये जातील. यजमानांच्या कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल, तर तिथल्या कर्जाचा दर विचारून पाहावा. तो कार्डाच्या दराच्या निम्म्यापेक्षाही कमी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसे असल्यास एकरकमी कार्ड फेडून संस्थेचा हप्ता पगारातून कापून घेणे अधिक चांगले. दिवाळीचा बोनस मध्येच आला तर तो आधी इथेच वळवावा.

एसआयपी वाईट नाही, पण तिची पाळी अजून आलेली नाही. वर्षाला ४२ टक्के आणि वर कर देत असताना दुसरीकडे ३,००० रुपये बाजारात गुंतवणे म्हणजे गळक्या टाकीवर नवा नळ बसवणे होय. कोणताही फंड एवढा परतावा देण्याचे वचन देऊ शकत नाही. कार्ड फिटल्यानंतर त्याच ४,५०० मधून मावशींच्या पोळ्यांचे पैसे वजा करून उरलेली रक्कम एक वर्षाच्या बँक आवर्ती ठेवीत टाकावी. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी, म्हणजे साधारण सव्वा ते दीड लाखाची गंगाजळी हे तुमचे पहिले उद्दिष्ट असावे. दोन पगारांवर चालणाऱ्या भाड्याच्या घरात एक पगार थांबला तर काय, हा प्रश्न परताव्याच्या आधी येतो. गंगाजळी निम्मी झाली की ५०० रुपयांपासूनही एसआयपी सुरू करता येते.

मुलीच्या नावाने मात्र एक गोष्ट आताही करता येईल. सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावे लागते आणि ते २५० रुपयांत उघडते. वर्षाला किमान तेवढेच भरले तरी चालू राहते. जानेवारी २०२४ पासून त्यावर ८.२ टक्के व्याज आहे. दर सरकार तिमाहीला जाहीर करते, म्हणून खाते उघडण्यापूर्वी पोस्टात विचारून घ्यावे. पंधरा वर्षे पैसे भरायचे आणि खाते २१ वर्षांनी पूर्ण होते, त्यामुळे यात घाईने मोठी रक्कम टाकू नये. मध्येच हवी म्हटली तर ती सहज हाती येत नाही. कार्ड फिटेपर्यंत २५० पुरेत.

तो प्रतिनिधी पुन्हा आला तर त्याला सहा महिन्यांनी यायला सांगा, आणि तोपर्यंत कोणत्याही अर्जावर सही करू नका. नोंद ठेवण्याची सवय मोडू देऊ नका. पुढच्या दोन महिन्यांचे आकडे आणि कार्डाचे स्टेटमेंट पाठवलेत तर पतसंस्थेच्या कर्जाचा निर्णय आपण एकत्र पाहू.